मौजे पालो वेर्दे येथील शेपूट-दर्शनाची मोहीम

परमेश्वरे आधी वाळवंट निर्मिले, वाळवंटी काटे निर्मिले, काट्यांत ससे आणि सशांचे पाठीवर कोयोटी निर्मिला, जो कोल्ह्याहून थोर आणि लांडग्याहून उणा. आणि सर्वांशेवटी मनुष्ये येऊन त्याच मुलुखी घरे बांधिती जाहाली, आणि मागील अंगणास पांच फुटी भिंत घालोन हे आमचे राज्य ऐसे मानिती जाहाली. तेथोन या प्रसंगाची उत्पत्ती. जैसे घडले तैसे लिहिले आहे, तिखटमीठ लाविले नाही.

सुभे ॲरिझोना, शहर टूसॉन, तेथे पालो वेर्दे आळीत राजेश्री रोहेलियो मोन्तान्यो यांचे घर. राजेश्री तांब्याच्या खाणीचे चाकर, आठ आठ रोज मुक्काम खाणीवरच, सबब घरची कुल मुखत्यारी त्यांचे कुटुंब ग्रासिएलाबाई यांजकडे. बाई विद्यापीठाच्या पदवीधर, स्वभावे ऐशा सावध की द्राक्ष देखील चार फोडी केल्यावांचोन लेकीस देत नसत. लेक पिलार, वय वर्षे दोन, महाप्रतापी, हाती येईल ते मुखी घालणार. आणि वडीलपणी सासूबाई दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओतिलिया, ज्यांचा शब्द त्या घरी किल्ल्याच्या दरवाजासारखा, एकदा लागला की लागला.

जून माहे, दहावे रोजी, पहाटे बाईंनी अंगणी एक करडे जनावर पाहिले, आणि जनावराने बाईंस पाहिले, आणि मग बाईंनी पिलारीस काखेत मारोन काचेच्या दाराआड माघार घेतली, ती ऐशा शिताबीने की एक चप्पल रणांगणीच राहिली. तेच क्षणी मागील दरवाजास कुलूप पडिले. त्या मुलुखी जूनचे ऊन ऐसे की सकाळी आठानंतर अंगणी पाय ठेववत नाही. लेकरास खेळावयास पहाटेच्या चार घटका काय त्या, आणि त्याच घटका गनिमाच्या. पिलार रोज काचेस नाक लावोन "भाईर! भाईर!" ऐसा आकांत करी, आणि बाईंचे काळीज तुटे, परंतु हात किल्लीकडे जाईना.

बाईंनी आळीच्या मोबाइल-दरबारी वर्तमान धाडिले. कोणी कोयोटी म्हणे, कोणी रानमांजर, आणि एकाने आपल्याच जावयाच्या कुत्र्याचे चित्र पाठवोन गोंधळ वाढविला. शेजारचे किनीसाहेब, वृद्ध, लावे पक्ष्यांस दाणे घालणारे, भिंतीवरोन डोकावोन बोलिले, "अगं, कसला कोयोटी! कुणाचं तरी हडकुळं कुत्रं असेल. तू शिकलीस फार आणि झोपतेस कमी."

मग बाईंनी वन्यप्राणी खात्यास फोन लाविला. तेथील अंमलदार शांत पुरुष. त्याणे पुसिले, "ताई, पळताना शेपूट वर होतं का खाली?"

"साहेब, पळत मी होते."

अंमलदार हुकूम सांगता जाहाला तो येणेप्रमाणे : कोयोटी पळता शेपूट खाली ठेवितो, आणि टोक काळे असते. कुत्रे निघाले तर धरणारे लोक पाठवू. कोयोटी असल्यास अंगणी त्याच्या खाण्याची कांही जिन्नस आहे, ती शोधोन उचलावी, भांडी वाजवावी, मोठ्याने ओरडावे, पाठ दाखवू नये, आणि लेकरापाशी आपण उभे राहोन खुशाल खेळू द्यावे. ऐसे होता शेपूट पाहणे हीच मोहीम ठरली.

बाईंनी रात्री निजते वेळी अंगणाच्या वाटेवर गव्हाचे पीठ चाळोन पसरिले. सकाळी पाहता पावले एकामागे एक, दोरी लाविल्यासारखी सरळ. कुत्रे चालते तर इकडे हुंगी, तिकडे हुंगी. भिंतीपाशी गनिमाची लेंडीही गवसली. बाईंनी नाकास पदर नसल्याकारणे ओढणीच लाविली आणि काडीने तपास केला, तो आत मेस्कीट नामे काटेरी झाडाच्या शेंगांचे बी, मूठभर.

येथे मोहीम अडली. कारण शेंगा दोन्या ओतिलियांच्या. सालोसाल त्या शेंगा वेचीत, अंगणी चादरीवर वाळवीत आणि गिरणीत पीठ करोन आणीत; त्या पिठाच्या भाकरीवांचोन त्यांचा सण होत नसे. मसलत करोन, धीर धरोन, बाईंनी अर्ज गुदरिला.

"आई, तो तुमच्या शेंगा खायला येतो."

"माझ्या? चाळीस वर्षं वाळवतेय मी. त्याला काय पीठ दळायचंय?"

"चादर हलवूया ना कुठेतरी."

"कडकडीत ऊन इथंच. सान हुआनचा सण झाला की पाऊस लागतो, बुरशी धरते. त्या किनीला सांग काय सांगायचं ते. लावे पोसतोय म्हणे, त्यांच्यामागेच येत असेल ते जनावर!"

"आई, पिलार तेरा दिवस घरात कोंडलीय हो."

दोन्यांनी नातीकडे पाहिले. पिलार काच चाटीत होती.

"शेपूट दाखव," म्हणाल्या. "खाली असेल तर मीच उचलते चादर. नाहीतर पुन्हा शेंगांचं नाव काढायचं नाही."

ऐसा तह जाहाला. दुसरे रोजी सान हुआनचा सण, चोविसावी तारीख. बाई पहाटे पातेले आणि पळी घेवोन अंगणी चौकीस बसल्या. काचेआड दोन्या, त्यांचे कडेवर पिलार. भिंतीपलीकडे किनीसाहेब कॉफी घेवोन तमाशास हजर. आणि मग गनीम भिंतीवरोन उतरला, न आवाज, न घाई, जणू वतनदार आपले वतनी आला, आणि चादरीवरील शेंग उचलोन कडाकड चावू लागला. बाईंमध्ये आणि त्यामध्ये अंतर दहा पावले. पातेले हातीचे निसटोन मांडीवर पडिले. अंमलदाराचा हुकूम, विद्यापीठाची पदवी, सर्व स्मरणातून गेले, आणि जे दिवसातून चाळीस वेळा मुखी येई तेच मुखी आले :

"काढ! काढ ते तोंडातून! घाण आहे ती! आत्ताच्या आत्ता थुंक! मी तीन म्हणायच्या आत!"

गनिमाने शेंग खाली टाकिली. काचेआड पिलारीनेही मुखातील हिरवा खडू काढोन आज्जीचे हाती दिला.

"एक!" बाई उभ्या राहिल्या. "दोन!"

तीन म्हणावे लागले नाही. गनीम फिरला, एक उडी, दुसरी उडी, भिंत. आणि त्या दोन उड्यांत बाईंनी डोळे न मिटता पाहिले, काचेआडोन दोन्यांनी पाहिले, आणि किनीसाहेबांनी कॉफी सांडोन पाहिले.

दार उघडिले. दोन्या म्हणाल्या, "खाली होतं. आणि आवाज तरी काय गं तुझा! धर ते टोक." आणि आपणच चादरीचे दुसरे टोक धरिले. किनीसाहेबांनी शिडी आणिली आणि बोलिले, "कुत्रं नव्हतं, कबूल," आणि त्रिवर्गे शेंगा धाब्यावर चढविल्या, जेथे ऊन दुप्पट आणि कोयोटी शून्य.

मग चौदा रोजांनंतर पिलार उंबरठा उतरली. अंगणी चार पावले धावली, बसली, आणि गनिमाने टाकिलेली ती एकच शेंग शोधोन मुखाकडे नेऊ लागली. बाईंनी ओरडावयास तोंड उघडिले, तो आवाज पुरा बसलेला. सबब धावत गेल्या, अनवाणीच, आणि वाटेत झुडपाखाली हरवलेली चप्पलही गवसली.

सालमजकुरी, सान हुआनचे रोजी, सकाळी सहा वाजता, मौजे पालो वेर्दे येथे फत्ते जाहाली, ती ऐसी : शेपूट खाली, टोक काळे, दरवाजा उघडा.