दुपारची वीज खपवण्याबाबत

म्हातारा माणूस आणि म्हातारा बॉयलर यांना एकदा निजू दिलं, की ते पुन्हा उठतीलच याची हमी कुणी देत नाही. आमच्या बिल्गारा गावच्या कोळशाच्या वीजकेंद्रातला तिसरा संच छप्पन्न वर्षांचा होता. त्याला थोडं तरी जळत ठेवावं लागे. आता विझला तर पुन्हा पेटवणार नाही, असं मालकांनी लेखी कळवलं होतं. गावातल्या तीनशे चाळीस घरांच्या चुली त्या एका आगीवर पेटत होत्या.

अडचण दुपारची होती. दुपारी छपरांवरचे सोलर पॅनल इतकी वीज करत, की संचाची वीज कुणाला नकोच असे. हे पॅनल कुणाचे? संचावरच्या कामगारांचेच. (शंभरातल्या ब्याण्णवांच्या छपरावर ते होते. उरलेले आठ चाकांवरच्या घरात, कॅरव्हॅनमध्ये राहत.) स्वस्तात मिळाले म्हणून बसवले, त्यात गैर काहीच नाही.

म्हणून आम्ही वीज-खपव समिती नेमली. मी तिचा चिटणीस. संचावरचा भार उतरू लागला की केंद्राचा भोंगा होई आणि प्रत्येक घर कर्तव्याला लागे. ओव्हन पूर्ण आचेवर. कपडे वाळवायचं यंत्र चालू (कपडे असोत वा नसोत). बैठकीच्या खोलीत हीटर. हीटरमुळे उकडल्यास एसी लावावा. एसीमुळे गारठल्यास दुसरा हीटर लावावा. रिकामा ओव्हन लावणं जिवावर येतं, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात गावाने कोकराच्या बाराशे तंगड्यांचा कोळसा केला. (तो केंद्राने जळणात घेतला नाही.) दुपारी पॅनल झाकून ठेवावेत, असं एकाने सुचवलं होतं. फुकटची वीज वाया घालवायला हा वेडा आहे काय, यावर सभेचं एकमत झालं.

फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, पारा त्रेचाळीसवर गेला त्या दुपारी मी पेंगेलींच्या घरी ओव्हन तपासायला गेलो होतो. क्लाइव्ह पेंगेली संचाच्या नियंत्रण कक्षात कामाला. घरी त्याची बायको थेल्मा आणि शहाऐंशी वर्षांची आई ड्युल्सी. भोंगा झाला, आणि पाठोपाठ क्लाइव्हचा फोन.

"थेल्मा, लाव गं सगळं! काटा खाली चाललाय!"

"काल ड्युल्सी उकाड्याने भोवळ येऊन पडली, विसरलास? आई तुझी आहे, माझी नव्हे!"

"अगं, संच विझला तर उद्यापासून खायचं काय?"

"करपलेलं कोकरू! रोज दुसरं काय खातोय?"

आरामखुर्चीतून ड्युल्सी म्हणाली, "लाव बाई. मी काय, आज ना उद्या जाणारच. पोराची नोकरी राहू दे."

मला फार वाईट वाटलं. नियमावलीत त्याची तरतूद नसल्याने मी तसं नोंदवलं नाही.

थेल्मा ताडकन उठली, दोन्ही हीटर ओढत अंगणात नेले आणि त्यांची तोंडं वर करून सूर्याकडे वळवली. "घे मेल्या, शेकून घे!" शेजाऱ्यांना कल्पना पटली. अर्ध्या तासात सगळं बिल्गारा आभाळाला शेक देत होतं. काटा थांबला, संच वाचला. समितीने थेल्माच्या अभिनंदनाचा ठराव केला.

सहाच्या सुमाराला ऊन उतरलं, पॅनल थंडावले आणि लोकांना विजेची खरोखरच गरज लागली. दिवसभर मंद ठेवलेल्या संचाला एकदम पळवलं. सहा वाजून दहा मिनिटांनी बॉयलरची नळी फुटली. वीजकंपनीचा संदेश आला, "नागरिकांनी वीज जपून वापरावी."

मालक शब्दाचे पक्के निघाले. संच पुन्हा पेटवला नाही. क्लाइव्ह आता दुपारी घरीच असतो आणि आईला वर्तमानपत्राने वारा घालतो. वर्तमानपत्रात तो नोकरी शोधत होता, पण त्याचा हाच उपयोग जास्त आहे.

तुम्हाला आमचं हसू आलं असेल. जरूर हसा. मात्र एसी अठरावर ठेवून वर गोधडी ओढून हे वाचत असाल, तर एक फरक ध्यानात घ्या. आम्हाला हे करायला समिती नेमावी लागली होती.