सिस्टरच्या हातची टीम

आमच्या शेजारच्या तायडे सिस्टर फुटबॉलच्या मैदानावर खेळाडूंना नावाने हाक मारत नाहीत. जन्माच्या वेळच्या वजनाने मारतात.

"ए पावणेतीन किलो! पास दे ना बे त्याले! एकटाच कायले पळून राह्यला?"

बाहेरगावचे संघ खामगावात पहिल्यांदा खेळायला आले की हे ऐकून गडबडतात. त्यांना वाटतं, हे काहीतरी डावपेचांचे गुप्त आकडे आहेत. एका संघाचा कोच तर वहीत लिहून घेत होता. मीच त्याला सांगितलं, "दादा, त्यात काही नाही. या बाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात होत्या. मैदानावरची अर्धी टीम त्यांच्या हातची आहे."

कोचने वही मिटली, पण सामना संपेपर्यंत तो सिस्टरकडेच पाहत होता.

ही टीम म्हणजे सरकी इलेव्हन. कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांनी कधीकाळी सुरू केलेला क्लब, म्हणून सरकी. आता खेळणाऱ्यांत कोणी मोबाइल दुरुस्त करतं, कोणी भाजीचा ठेला लावतं, कोणी कॉलेजात आहे असं घरी सांगतं. टीमचा एकच दोष. ती कधी कशी खेळेल हे तिचं तिलाही माहीत नसतं. एका रविवारी जिल्ह्यातल्या तगड्या संघाला चार गोल मारतील, आणि पुढच्याच रविवारी ज्यांच्याकडे एका रंगाचे अकरा शर्टही नाहीत अशा टीमकडून हरून येतील.

सिस्टरनी याचं निदान फार पूर्वी करून ठेवलंय. "सर, ही टीम नाही, मलेरिया हाये. एक दिवस ठणठणीत, दुसऱ्या दिवशी हुडहुडी." मी शाळेत मास्तर, म्हणून त्या मला सर म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, पण मैदानावर त्यांच्या शेजारी बसायचा मान मलाच आहे. छत्री धरायला कोणीतरी लागतं.

सिस्टरना फुटबॉलचे नियम कळतात का, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. कळतात, पण त्यांच्या पद्धतीने. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला आयुष्यभर समजलं नव्हतं. सिस्टरनी एका वाक्यात समजावलं. "कळा यायच्या आधीच जोर लावला, की ऑफसाइड." त्यानंतर माझी कधी चूक झाली नाही.

प्रत्येक खेळाडूच्या खेळाचं कारण त्या त्याच्या जन्मात शोधतात. आमचा गोलकीपर इरफान नेमका चेंडूच्या विरुद्ध बाजूला उडी मारतो. सगळे डोक्याला हात लावतात. सिस्टर शांतपणे म्हणतात, "पायाळू हाये थो. जगात आला तोच उलटा आला. रात्रभर मी अन् डॉक्टरीणबाई घामाघूम. आता त्याले सरळ उडी मार म्हटलं तर कुठून मारीन?" पुढे खेळणारा सागर अडीच किलोचा. तो चेंडू घेऊन भन्नाट सुटतो आणि गोलसमोर गेल्यावर घाईत आकाशात मारतो. "घाई!" सिस्टर ओरडतात. "आठव्या महिन्यात आला, तवापासून घाईच हाये याले!"

सागर आज दोन लेकरांचा बाप आहे. तो मैदानातून हात जोडतो.

एकदा रेफरीने आमच्या विरुद्ध अगदीच चुकीचा निर्णय दिला. मध्यंतरात सिस्टर थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, आता भांडण. त्या म्हणाल्या, "भाऊ, डोळा दाखवा." रेफरी घाबरून वाकला. सिस्टरनी त्याच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने ओढून पाहिली. "पांढरंफटक हाये. रक्त कमी हाये तुमच्यात. म्हणून दिसून नाही राह्यलं तुम्हाले. उद्याच्या उद्या तपासा."

मैदानभर हशा पिकला. पण पुढच्या महिन्यात तोच रेफरी सिस्टरच्या दारात पपई घेऊन उभा. रक्त खरंच कमी निघालं होतं. गोळ्या सुरू होत्या. सिस्टरनी पपई घेतली आणि म्हणाल्या, "तरीबी तो फाऊल नव्हताच."

हरल्यावर मात्र सिस्टरकडे पाहवत नाही. मैदानातून घरापर्यंत त्या एक शब्द बोलत नाहीत. फाटकाशी आल्यावर जाहीर करतात, "संपलं सर. आजपासून माहा अन् फुटबॉलचा संबंध नाही. या वयात कायले पाहिजे हा ताप?" हा निश्चय सोमवारी कडक असतो. मंगळवारी त्या अंगणातल्या झाडांना जरा जास्तच पाणी घालतात. बुधवारी कंपाउंडच्या भिंतीवरून आवाज येतो. "सर, रविवारची मॅच किती वाजता हाये? मले यायचं नाही. नुसतं विचारून राह्यली."

मी त्यांना एकदा सुचवलं होतं, की टीव्हीवर परदेशातले मोठे क्लब दिसतात, ते पाहा. ते असा मनस्ताप देत नाहीत. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "त्यातलं एक तरी पोट्टं आपल्या हातचं हाये का?"

गेल्या हिवाळ्यात नांदुऱ्याला स्पर्धा होती. कोणालाही न विचारता सरकी इलेव्हन त्यात जिंकत सुटली. पहिला सामना, दुसरा सामना, मग उपांत्य. सिस्टर हबकल्या. "हुडहुडी काऊन नाही भरून राह्यली यांले?" असं त्या मला दर सामन्यानंतर विचारायच्या. मला वाटलं, कौतुकच करतायत.

अंतिम सामन्याला टीम पिकअपमध्ये मागे आणि सिस्टर पुढे ड्रायव्हरशेजारी. मी एसटीने गेलो. मैदानात पोहोचलो तर सिस्टरनी मीठ-साखरेच्या पाण्याची स्टीलची बरणी शेजारी ठेवून माझी जागा धरलेली.

सामना सुरू झाला आणि मी चाटच पडलो. आमची पोरं देव अंगात आल्यासारखी खेळत होती. विसाव्या मिनिटाला पहिला गोल. मध्यंतराच्या आधी दुसरा. इरफानने तर एक उडी चक्क चेंडूच्या दिशेने मारली. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, छत्री पडली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की सिस्टर बोलतच नव्हत्या. एकाही किलोला हाक नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसत्या बसल्या होत्या.

"सिस्टर, बरं नाही का?"

"बरी हाये."

"दोन गोलने पुढे आहोत आपण!"

"दिसून राह्यलं मले."

पोरं पाणी पिऊन परत मैदानात गेली. सिस्टर त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाल्या, "सर, एक सांगू? मी सुजाताले कबूल केलं हाये. सरकी इलेव्हननं कप जिंकला की मी पुण्याले येतो. कायमची."

सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरी करते. गुणी पोर. वडील गेल्यापासून आईने आपल्याजवळ यावं म्हणून ती मागे लागली होती, एवढं मला माहीत होतं.

"हे कधी कबूल केलंत?"

"चार वर्षं झाले. सारखी म्हणे, आई ये, आई ये. नाही म्हटलं की रडे. मग म्हटलं, टीम जिंकली की येतो. मले काय माहीत हे पोट्टे जिंकतीन म्हणून?" त्या हसायला गेल्या, पण ते हसू काही जमलं नाही. "पोरगी चांगली हाये हो. जावईबी चांगला. पण तिथं मी दोन महिने राहून आली ना. लिफ्टमधी सगळे खाली पाहतात. वॉचमन मले आजी म्हणे. दोन महिन्यांत एकबी माणूस मले सिस्टर म्हटला नाही."

तेवढ्यात उत्तरार्ध सुरू झाला आणि आमच्या टीमला अखेर हुडहुडी भरली. दहा मिनिटांत एक गोल खाल्ला. मग दुसरा. दोन्ही वेळा इरफान उलट्या बाजूला. बरोबरी झाली. मी चोरून सिस्टरकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता, आणि त्या रंगाची त्यांना लाज वाटत असावी, कारण त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

समोरच्या प्रेक्षकांनी मात्र आमच्या पोरांची टर उडवायला सुरुवात केली. कोणीतरी ओरडलं, "सरकी गोळा करा अन् घरी जा बे!"

झालं. सिस्टर उठल्या. पुणं, लिफ्ट, वॉचमन सगळं कुठल्या कुठे गेलं.

"कोण बोललं बे? इकडे ये, डोळा दाखव!" आणि मैदानाकडे वळून, "ए पावणेतीन किलो! झोपला काय? ए पायाळू, बाळा, घाबरू नको, मी हाये इथं!"

शेवटची पाच मिनिटं उरली असताना आम्हाला पेनल्टी मिळाली. चेंडूपाशी सागर. सगळ्या मैदानाला माहीत होतं की तो आकाशात मारणार. सिस्टर थेट रेषेपर्यंत गेल्या. या वेळी ओरडल्या नाहीत. वॉर्डात बोलत असतील तशा आवाजात म्हणाल्या, "सागर. घाई नाही. श्वास घे. अजून एक. हां. आता."

सागरने चेंडू जमिनीलगत कोपऱ्यात घातला.

तीन-दोन. सिस्टर नाचल्या. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी, माझे दोन्ही हात धरून नाचली. मग शिट्टी वाजली, पोरं धावत आली, इरफानने कप आणून सिस्टरच्याच हातात दिला आणि सगळ्यांनी मिळून फोटो काढले. त्या घामेजलेल्या गर्दीत, नाशिक ढोलाच्या दणदणाटात, त्यांचा फोन वाजला.

त्या कप काखेत मारून जरा बाजूला झाल्या. मी छत्री शोधत मागेच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"हां सुजे... हाव, संपली ना आताच... काय सांगू बाई, हरले." मग दुसऱ्या कानावर हात ठेवला. "गोंगाट? थे दुसऱ्या टीमचे पोट्टे नाचून राह्यले... हो ना. पुढच्या वर्षी पाहू. जेवली का तू?"

फोन ठेवून त्या वळल्या. मी छत्री उघडण्यात गुंतल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला सुजाताचा फोन आला. आईने फोन उचलला नाही तर असावा म्हणून तिने माझा नंबर घेऊन ठेवलाय.

"काका, खरं सांगा. काल हरले?"

पंचवीस वर्षं मी मुलांना खरं बोला असं शिकवतोय. मी म्हणालो, "हरले गं. तीन-दोन. थोडक्यात गेला."

ती म्हणाली, "काका, इरफानने स्टेटसला फोटो टाकलाय. कप आईच्या हातात आहे."

माझे कान गरम झाले. "सुजाता, अगं, मी..."

"राहू द्या काका. इथे तिची खोली रंगवून ठेवलीय आम्ही. खिडकीपाशी पलंग ठेवला, तिला उजेड लागतो म्हणून. पण या फोटोत ती जशी हसतेय ना, तशी ती इथे दोन महिन्यांत एकदाही हसली नव्हती. मी पाहिला हे तिला सांगू नका. हरले तर हरले."

मी फोन ठेवून अंगणात आलो. भिंतीपलीकडे सिस्टर दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"कोणाचा फोन होता, सर?"

"सुजाताचा."

त्यांचा हात चादरीवर थांबला. "काय म्हणे?"

"काही नाही. म्हणाली, वाईट वाटलं हरल्याचं. पुढच्या वर्षी पाहू."

सिस्टरनी चादर दोरीवरून ओढली, घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली.

"भोळी हाये हो माही पोरगी," त्या म्हणाल्या. "काहीही सांगा, पटते तिले."

"हो," मी म्हणालो.