शेवटचं प्रकरण माझ्याकडे आहे

आमच्या खात्यात एक जुनी युक्ती आहे. दुसऱ्या विभागानं आपणहून फोन करावा असं वाटत असेल, तर फाइल पाठवताना तिचं शेवटचं पान काढून ठेवायचं. दुपारपर्यंत फोन येतोच. (एकतीस वर्षं हेच करत आलोय. बढती का मिळाली नाही, ते विचारू नका.)

हीच युक्ती बायकोवर करायचं ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

बायको तीन महिने लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेलीय. इथे मी आणि फ्रिजचा आवाज. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो.

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"गॅस बंद केलात?"

"केला."

"बरं, ठेवते. बाळ उठलं."

संपलं! पूर्वी ती जेवताना अखंड बोलायची आणि मी पेपर वाचायचो. आता ऑफिसातून आलो की घर खायला उठतं. कुणीतरी बोलावं म्हणून मी परवा चुकीच्या नंबरवाल्याला पाच मिनिटं धरून ठेवलं.

म्हणून दोन पुस्तकं आणली. एक बायकोसाठी रहस्यकादंबरी. बंगल्यात खून, सहा पाहुणे, आणि दर तीस पानांना माझा संशय नव्या माणसावर! दुसरी मोठ्या नातीसाठी. त्यात एक मुलगी रोज शाळेतून येऊन म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसभराचं सगळं सांगते. पाठवण्याआधी दोन्ही वाचली. दुसरी वाचून मी चक्क रडलो. (साक्षीदार फक्त फ्रिज.)

मग रहस्यकादंबरीचं शेवटचं प्रकरण ब्लेडनं कापलं, पंच करून फाइलला लावलं आणि चिठ्ठी लिहिली, "जरूर वाच. खुनी कोण, ते फोनवर बोलू." दोन्ही पुस्तकं कुरिअरनं रवाना.

आठ दिवस गेले. गोळी, गॅस, बाळ. पुस्तकाचं नावही नाही! नवव्या दिवशी मीच फोन केला.

"काय गं, कादंबरी कुठवर आली?"

"कुठली? ती होय! खुनी डॉक्टर आहे."

"अगं, पण शेवटचं प्रकरण माझ्याकडे आहे!"

"असू दे की. दोन वर्षांपूर्वी मीच आणली होती ती. चार दिवस जेवताना तुम्हाला गोष्ट सांगत होते. तुम्ही हं हं करत होतात. कपाटात बघा, दुसऱ्या खणात. ठेवते, बाळ उठलं."

बघितलं. विजेच्या बिलांखाली होती. पहिल्या पानावर तिचं अक्षर, "अहो, जरूर वाचा. मग बोलू."

दोन वर्षं ती वाट बघत होती आणि मी नऊ दिवसांत रडकुंडीला आलो होतो. शेवटी पुन्हा फोन लावला. नातीनं उचलला.

"आजीला दे गं. म्हणावं, आजोबांना बोलायचंय. खूप."

"आजी बाळाला झोपवतेय. आजोबा, तुमचं पुस्तक मला खूप आवडलं! मी आजीला म्हटलं, तो कुत्रा अगदी आपल्या आजोबांसारखा आहे."

माझा ऊर भरून आला. "मग? आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, छे गं. तो सगळं ऐकायचा."