आबांची अन्नसाखळी

आमच्या शेजारच्या धोंडूआबांना कुणाची ओळख करून दिली, की ते नाव-गाव विचारत नाहीत. माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "तुमाला कोन खातं?"

माझे मेहुणे बँकेत आहेत. त्यांनी बराच विचार करून "साहेब" असं उत्तर दिलं. आबांना ते पटलं.

हे खूळ मूळचं त्यांच्या नातीचं. सई चौथीपर्यंत इथेच, कामशेतजवळच्या आमच्या गावात होती. ओसरीवर बसून ती अन्नसाखळी मोठमोठ्यानं पाठ करायची. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. सईचं पाठ झालं की नाही ठाऊक नाही, शेजारी बसलेल्या आबांचं मात्र झालं. फक्त उत्पादक म्हणजे वनस्पती, हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. "आन् भात लावतं कोन? तुजं पुस्तक?"

गेल्या वर्षी गावातल्या एका लग्नात भर पंगतीत उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "हितं समदे भक्षक. उत्पादक मी येकलाच!" मग उत्पादकानं तीनदा जिलेबी मागून घेतली.

पुढे सईचे आईवडील वराळ्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले. सईही गेली. घरात उरले आबा आणि भाताची कणगी. कणगीला उंदीर लागले आणि उंदरांच्या मागे एक धामण यायला लागली. म्हणून परवा सईचे वडील, सुनील, पत्र्याची कोठी घेऊन आले. भात तिच्यात भरला की उंदरांचा प्रश्न मिटला. आबांनी कोठी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

"काका, तुम्ही तरी सांगा त्यांना," सुनील वैतागून माझ्याकडे आला. "सगळा भात उंदरांच्या घशात चाललाय."

समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं माझं स्वतःचं मत आहे. गेलो. आबा कणगीच्या बुडाशी बसून तिचं भोक बोटानं मोठं करत होते. भात भुईवर घरंगळत होता.

"आबा, हे काय चाललंय?"

"उंदरांस्नी वाढतोय. उंदीर गेलं की धामन बी जाईल."

"मग जाऊ दे की."

"जाऊ दे कसं? सई फोनवर बोललीय, परीक्षा झाली की धामन बगाया येते म्हनून." त्यांनी भोकात पुन्हा बोट घातलं. "मला काय बगायचं? मी रोजचाच. भात उंदरानं खायाचा, उंदीर धामनीनं, आन् धामनीपायी पोरगी येनार. ती आली की मंग मला घास ग्वाड लागतो."

मला फार वाईट वाटलं. समजूत घालायची राहूनच गेली.

कोठी सध्या आमच्या ओसरीवर आहे. ही अडगळ कधी हलणार, असं बायको रोज विचारते. मी सांगतो, परीक्षा झाली की.