पुढल्या चाकाच्या खटक्याच्या पारिपत्याची हकीकत

निळ्या तोंडाच्या, तीन वेळा इंजिन उघडलेल्या आणि तरीही चढावर कोणास वाट न देणाऱ्या ट्रकाच्या पुढल्या अंगी खटका कैसा उपजला, तो कोणास कळला, कोणी नाकारिला आणि अखेर कोणत्या मसलतीने कैद जाहला, हे सविस्तर लिहून ठेवणे प्राप्त आहे. कां की पुढे लेकरे विचारतील आणि ज्याच्या तोंडी जे येईल ते सांगेल. सबब जैसे घडले तैसे लिहिले.

ऐसियास, ट्रकाचे धनी खासा आबासाहेब. उमर एकसष्ट, पैकी अडतीस साल स्टिअरिंगामागे गुजरलेली. त्यांची स्वारी फरशा लादून वखारीतून निघाली आणि दरवाजाशी डावे वळण घेताच पुढून 'खट्ट' ऐसा आवाज उठला, आणि त्याचा धक्का स्टिअरिंगातून तळहाती आला, आणि मग उजवे वळण घेता पुन्हा तैसेच जाहले. शेजारी चिरंजीव, उमर एकोणतीस, कानांत गाण्याच्या गुंड्या घालून विराजमान होते. त्यांनी एक गुंडी काढून हकीकत ऐकिली आणि फर्माविले, "आबा, तुमचे कान वाजतात."

हा शब्द वर्मी लागला. कारण आबासाहेबांस दारावरची घंटा अलीकडे ऐकू येत नाही आणि टीव्ही मात्र चार घरे ऐकू जातो, ऐसा बोभाटा खुद्द चिरंजीवांच्या आईसाहेबांनीच केला होता. मग मायलेकरांची मसलत होऊन फर्मान सुटले की, गाडी गॅरेजात दाखवावी. खटका सापडला तर उत्तम, न सापडला तर पहिल्या तारखेपासून गाडी चिरंजीवांनी हाकावी आणि आबासाहेबांनी घरी बसावे. हे मात्र आबासाहेबांस पहिल्या खेपेसच स्वच्छ ऐकू आले. आता भाजी निवडावी, कडधान्याचे खडे काढावे आणि दुपारी कोणी येते काय म्हणून खिडकीत बसावे, ऐसे उर्वरित आयुष्य नजरेपुढे उभे राहिले, आणि ज्यांनी उतारावर ब्रेक गेलेली गाडी गिअरांवर तोलून खाली आणिली होती, ते आबासाहेब साफ भ्यायले.

पुढे गाडी रिकामी करून स्वारी गॅरेजात दाखल जाहली. भरली गाडी मिस्त्रीच्या दारी नेऊ नये, हा ट्रकवाल्यांचा पूर्वापार शिरस्ता. तेथील मुख्य मिस्त्री जॅकराव. नाव वेगळेच होते, परंतु कोणी फुटला आरसा घेऊन आला तरी आधी गाडी जॅकवर चढवणार, म्हणून लोकांनी हा किताब दिधला. जॅकरावांनी जॅक लाविला आणि चाक अधांतरी केले आणि गदागदा हलविले आणि स्टिअरिंग इकडून तिकडे फिरविले, परंतु खटका चिडीचूप. तरी रिक्त हस्ते परतणे हा नामुष्कीचा प्रसंग, म्हणून ज्या खिळीवर चाक वळते त्या किंगपिनास संशयावरून धरिले आणि बदलिले. दुसरे दिवशी माल भरून वळण घेतले तों 'खट्ट'. मग पुन्हा माल उतरला आणि पुन्हा जॅक चढला आणि चाकांस जोडणाऱ्या दांड्याचे दोन्ही सांधे बरतर्फ जाहले. तिसरे दिवशी भरल्या गाडीस पुन्हा 'खट्ट'. ऐसे निरपराधांचे शिरकाण चालले आणि खरा गुन्हेगार आत बसून हसत राहिला.

तिसऱ्या खेपेस जॅकराव हात पुसत बोलले, "काका, गाडी ठणठणीत आहे. आवाज येतोय म्हणता ना, मग मला ऐकवा."

आबासाहेब उपड्या डब्यावर बसले आणि हातातला चहा निवून गेला आणि जॅकवर टांगलेल्या चाकाकडे पाहता पाहता मनात आले की, ज्याचे ओझ्याखाली कंबरडे दुखते, त्याच्या डोईवरचे ओझे काढावे, त्याचे पाय उचलून धरावे आणि मग पुसावे, बाबा रे, कुठे दुखते, तर तो काय सांगणार? त्यासरशी ते उठले आणि हुकूम जाहला की, माल पुन्हा भरावा, जॅकास रजा द्यावी, चाके जमिनीवर ठेवावी, इंजिन चालू असावे आणि चिरंजीवांनी स्टिअरिंग फिरवावे.

"भरलेली गाडी? गॅरेजात?" जॅकरावांनी कपाळास हात लाविला. "हसतील हो लोक!"

"हसू देत. खाली मी जातो."

मग वखारीतून फरशा भरून आणिल्या, चाकांस पुढेमागे ओंडके लाविले, हँडब्रेक ओढिला आणि गोणपाट अंथरून खासा स्वारी गाडीखाली उताणी जाहली. इंजिनाच्या घरघरीत शब्द पोचेना, म्हणून पान्याचा एक ठोका म्हणजे डावे, दोन म्हणजे उजवे, ऐसी खूण ठरली. ठोका पडे, स्टिअरिंग फिरे आणि आबासाहेब एकेका सांध्यावर तळहात ठेवीत पुढे सरकत. नवा किंगपिन शांत, नवे सांधे शांत. मग हात तेथे गेला जेथे स्प्रिंगचे पाटे पुढल्या चाकांच्या आसावर बसतात आणि दोहोंस यू-बोल्ट आवळून धरितात. एक ठोका दिधला, तों 'खट्ट', आणि तळहात जागचा उडाला. दोन ठोके, पुन्हा तैसेच. जॅकरावांनी वाकून हात लाविला आणि त्यांचा चेहरा पाहण्याजोगा जाहला. आस पाट्यांखाली केसभर सरकत होता. इंजिन बंद करविले.

आबासाहेबांनी बॅटरी धरिली. नटांवर लाल रंगाचा जाड लेप, त्यास बारीक चीर, आणि चिरेतून गंजाची भुकटी गळत होती. त्या लेपात बोटाचा ठसा उमटला होता. तीन महिन्यांमागे आबासाहेब तापाने पडले असता नवे पाटे चिरंजीवांनीच चढविले होते, गाडी जॅकवर असताना नट आवळिले होते आणि त्याच दिवशी हौसेने रंग फासिला होता. माल लादून गाडी चालली की पाटे बसतात आणि नट पुन्हा आवळावे लागतात, हे रंगाच्या आनंदात राहून गेले. आता बाहेर येऊन गर्जना करावी ऐसा समय आला होता. आबासाहेब तैसेच पडून राहिले.

"काका, हे कुणी आवळलं होतं?" जॅकरावांनी पुसिले.

"जुनं काम आहे," आबासाहेब बोलले. "कोण लक्षात ठेवतो?"

तों धुतल्या शर्टानिशी चिरंजीव खाली येऊन मातीत आडवे जाहले. त्यांनी ठसा पाहिला आणि तोंड उतरले. "मीच आवळले होते. जॅकवर असताना. पुन्हा बघितलंच नाही." आणि मग हळूच, "आबा, उतारावर हे सुटलं असतं तर?"

"सुटलं नाही ना? मग पाना दे इकडे."

पाना चिरंजीवांनी दिला नाही. त्यास लांब नळी जोडून, भरल्या गाडीखाली, त्यांनी स्वहस्ते दोन्ही बाजूंचे नट करकचून आवळिले, आणि आबासाहेब नुसते हुं हुं करीत राहिले. मग गाडीने आवारात डावी दहा आणि उजवी दहा ऐसी वळणे घेतली आणि एकही खटका उठला नाही. जॅकरावांनी भर आवारात आबासाहेबांस मुजरा केला.

येणेप्रमाणे तीन स्वाऱ्या निष्फळ होऊन चौथ्या स्वारीस खटका जेर जाहला, आणि घरी बसण्याचे फर्मान चिरंजीवांनीच रद्द केले. गाडी रस्त्यास लागली तेव्हा त्यांनी कानांतील दोन्ही गुंड्या काढिल्या आणि आपला तळहात आबासाहेबांच्या हाताशेजारी स्टिअरिंगवर टेकविला आणि पुसिले, "आबा, नक्की काय जाणवायला पाहिजे?"

आबासाहेबांनी वळण घेतले, सावकाश, पूर्ण.

"आत्ता काहीच नाही. हे जे काहीच नाही, तेच नीट लक्षात ठेव."