खानझोड्यांच्या दोऱ्या

शेजारच्या खानझोड्यांच्या दिवाणखान्यात मी माझे दोन परकर वाळत घातले, तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची अल्लड पोर होते. आता ऐंशीला टेकले, थोडी अक्कलही आली. तरी ती दुपार आठवली की तेव्हाच्या त्या बयेच्या, म्हणजे माझ्याच, पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीत बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे. एवढा उंच डोलारा, समोर नदी, पलीकडे मॅनहॅटन, आणि इतक्या उन्हात एक रुमाल वाळवायची सोय नाही! सगळं त्या ड्रायरच्या पोटात कोंबायचं. लेकीकडे राहायला येऊन मला तेव्हा महिनाच झाला होता. खानझोडे कुठलंसं म्युझियम बघायला दोन दिवस परगावी गेले आणि कुंड्यांना पाणी घालायला म्हणून किल्ली देऊन गेले. दार उघडते तो काय, खोलीभर ताणलेल्या पांढऱ्याशुभ्र दोऱ्या आणि खिडकीतून भरपूर ऊन! मला भरूनच आलं. म्हटलं, या देशात एक तरी शहाणा माणूस आहे. फक्त सगळ्या दोऱ्यांची टोकं त्यानं खिडकीजवळच्या एकाच खिळ्याला बांधली होती. तो वेंधळेपणा मला बघवेना. मी ती सोडली आणि पडद्याच्या दांडीला चांगल्या वीतवीत अंतरावर सरळ बांधून दिली. मग परकर, जावयाचे बनियन आणि एक चादर. नात म्हणाली, "आज्जी, यू कान्ट डू दॅट!" मी म्हटलं, तू गप.

खानझोडे परत आले ते दारातच मटकन बसले. नागपूरचा माणूस; रागावला तरी 'जी' सुटत नाही.

"काहून जी काकू? इटलीच्या लोकांले जे सुचायले हजार वर्षं लागली, ते तुम्ही एका दुपारी सोडून ठेवलं!"

परकर कवटाळून मी उभी, आणि समोर व्याख्यान. जुन्या काळी म्हणे युरोपात चित्र काढताना ज्याचा मान मोठा त्याला मोठं काढत. राजा ताडाएवढा आणि त्याचा नोकर उंदराएवढा. पुढे इटलीतल्या चित्रकारांनी दोऱ्या ताणून मापं घेतली आणि जवळचं मोठं, लांबचं लहान, हा एकच नियम सगळ्यांना लावला. लांब जाताना सगळ्या रेषा म्हणे एकाच बिंदूत मिळतात, आणि तो बिंदू म्हणजे मी रिकामा केलेला तो खिळा. "लांब उभा राहिला तं राजाही बोटभर! तिथून माणसाचं डोकं उघडलं, काकू." डोकं उघडायला कुणाची हरकत नव्हती. पण खानझोड्यांनी आपलं उघडलेलं पुन्हा मिटलंच नाही; भेटेल त्याला वाकून आत बघायला लावायचे.

उभा जन्म एका बँकेच्या कॉम्प्युटरपुढे काढलेला हा विधुर निवृत्त झाल्या झाल्या चित्रकार झाला, आणि बाकीचं जग त्याच्या मते मागेच राहिलं. "हे मध्ययुगीन आहे!" हे त्यांचं पालुपद. माझी चतुर्थी मध्ययुगीन. माझं लसणाचं तिखट मध्ययुगीन, पण डबाभर घेऊन जायचे. आमच्या लिफ्टमध्ये बारानंतर थेट चौदावा मजला येतो, कारण तेरा अशुभ. त्यावर त्यांनी मॅनेजरला ईमेलमागून ईमेल पाठवून हैराण केलं. मॅनेजर तरी काय करणार बिचारा, मधे मजला कुठून आणून घुसवणार?

मराठी मंडळाच्या ग्रुप फोटोत अध्यक्ष मधोमध खुर्ची टाकून बसले, तर हे ओरडले, "मागे व्हा जी! पदामुळे मोठं दिसायचे दिवस गेले!" अध्यक्ष काही हलले नाहीत. पुढच्या वर्षी यांचं तोंड बंद राहावं म्हणून गणपतीची आरास यांच्याकडे सोपवली. यांनी पडद्यावर राजवाड्याचं लांबच लांब दालन रंगवलं. इतकं हुबेहूब, की खजिनदार मोदकांचं ताट घेऊन त्यात शिरायला गेले आणि नाकावर आपटले. सगळे मोदक वेचत होते आणि हा गृहस्थ आनंदानं टाळ्या वाजवत होता.

तर असा हा शहाणा. स्वतःच्या मुलीच्या, ऋचाच्या लग्नात ऐन कन्यादानाला यानं हात मागे घेतला. "पोरगी काय वस्तू आहे दान द्यायले? हे मध्ययुगीन आहे!" भर मांडवात, माइक चालू असताना. म्हणणं शंभर टक्के खरं. मीसुद्धा हेच म्हणते. पण तिनं आदल्या दिवशी विनवलं होतं, आई नाही, निदान तुम्ही तरी माझा हात धरून बसा. शेवटी मामा बसला. ती गेली नवऱ्याबरोबर पार तिकडे सिॲटलजवळ बॉथेलला, आणि त्यानंतर या घरात आली नाही. वाढदिवसाला तिचा मेसेज येतो. हे उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतात. तासन् तास इटलीवर बोलणारा माणूस, पण 'ये' हे एक अक्षर काही तोंडातून निघत नाही!

गेल्या आठवड्यात मला हाक मारली. ऋचा कामानिमित्त न्यूयॉर्कला येतेय, असं मामाकडून कळलं होतं. घराचं चित्र काढलंय, त्याचा फोटो तिला पाठवायचा आणि खाली 'घरी ये' लिहायचं, असा बेत होता. त्याआधी चुका काढायला मी.

मी चष्मा पुसून बघायला लागले. हाच दिवाणखाना. जेवणाचं टेबल कसं नियमानं निमुळतं होत गेलेलं, खुर्च्या ओळीनं लहान लहान होत गेलेल्या. आणि सगळ्यात लांब, खिडकीशी, ऋचा. टेबलाच्या दुप्पट. डोकं थेट छताला टेकलेलं.

मला उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या तावडीत सापडला होता.

"खानझोडे, पोरगी उभी कुठे, दिसते केवढी! एवढं साधं माप चुकावं तुमचं?"

ते चिडले नाहीत. चिंधीनं ब्रश पुसत राहिले. मग चित्राकडेच बघत म्हणाले,

"बरोबर मापानं तीनदा काढली जी काकू. त्या मापात तिचं नाक येत नाही, डोळे येत नाही, नुसता ठिपका येते. आता ठिपक्याले 'घरी ये' कसं म्हणू, सांगा बरं?"