खांद्यावरचा हात

गायिकेच्या खांद्यावरचा हात पुसायचा राहिला आणि ते पोस्टर तसंच शहरभर लागलं, तेव्हा फोटो दुरुस्त करणाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. संगीत कंपनीत त्याचं कामच मुळी पुसण्याचं. गायिका बिचारी खिदळणारी, सदा आईला बरोबर घेऊन फिरणारी. पण साहेबांना ती जगात एकटी हवी होती. "सुखी बाईची रडकी गाणी घेणार कोण?" साहेब म्हणायचे. म्हणून हा तिचं हसू पुसायचा, गालांवरची लाली पुसायचा आणि दर फोटोत तिच्या खांद्यावर दिसणारा तो हातही पुसायचा. आई मागे उभी राहत असणार, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. विचारतो कोण!

"हा हात कुणाचा?" साहेब कडाडले. "धड नाही, डोकं नाही, नुसता हात! गाशा गुंडाळ आणि चालू लाग."

घरी नुकतंच जुळं झालेलं. नोकरी गेली तर चार तोंडांना घालायचं काय? त्याने खण रिकामा करायला घेतला, तोच फोन खणखणू लागले. पोस्टरपुढे ही गर्दी! कुणी म्हणे, सोडून गेलेल्या प्रियकराचा हात. कुणी म्हणे, मृत्यूचा. एका प्राध्यापकबाईंनी तर टीव्हीवर छडी घेऊन समजावलं, "हा बाजाराचा हात आहे. तोच तिला घडवतो, आणि स्वतः मात्र दिसत नाही." गाणी धडाधड खपू लागली.

"बस खाली," साहेब म्हणाले. "आता दर पोस्टरवर हात पाहिजे."

हात ज्यांचा त्यांना विचारलेलं बरं, म्हणून तो गायिकेच्या घरी गेला.

"माझा हात?" आई उसळली. "अहो, फोटो काढताना मी बाहेर बाकावर बसलेली असते. आत घेतंय कोण मला! आणि पोस्टरवरची ही बोटं बघा. एवढी लांबलचक बोटं आमच्या सात पिढ्यांत कुणाची नाहीत."

गायिकेचं खिदळणं थांबलं. "मला वाटायचं, फोटोग्राफरचा मदतनीस मला सरळ उभं करतोय," ती म्हणाली आणि तिने खांदा झटकला. "मी नाही बाई आता तिथे पाऊल ठेवणार."

भीतभीतच त्याने हे साहेबांच्या कानावर घातलं.

"नको तर नको," साहेब म्हणाले. "लोकांना हात हवाय. तिला पूस."

त्याने केस पुसले, डोळे पुसले, इतकी वर्षं खपून आणलेला तो उदासपणाही पुसला. सगळं कसं पटकन गेलं, त्याचंच त्याला वाईट वाटलं.

"पण साहेब, हात ठेवायला खांदा तरी हवा ना?"

"तुझा चालेल. नोकरी कायमची समज."

नाही म्हणावंसं फार वाटलं, पण जुळं डोळ्यांपुढे आलं. जीव मुठीत धरून तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. मागे कोरी भिंत. समोर फोटोग्राफर, दारात साहेब.

फोटो स्क्रीनवर आला.

"वा! हात भलताच झटपट चिकटवलास रे," साहेब खूश झाले.

"साहेब," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी अजून काहीच चिकटवलेलं नाही."

साहेबांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा त्याच्या खांद्याकडे, आणि ते दोन पावलं मागे सरकले.

"बरं झालं, वेळ वाचला," दारापलीकडून त्यांचा आवाज आला. "आता तेवढं तुझं तोंड पूस. घरदार असलेला माणूस दिसतोस."